रकाना क्रमांक सात

रकाना सात : निर्मात्याचे नाव व पूर्ण पत्ता.
पेनाचं टोपण दातात धरून मी उभी,
शाहूपुरीत, मगदुमांच्या गूळ-अडतीवर.
समोर लोखंडी जाळीचा पिंजरा,
त्याच्या कपाळावर पितळी पाटी, चिंच लावून घासलेली :
लोरेंत्स व्हेंडेलिन आणि पुत्र, खेम्निट्झ.

तेवढं उतरवलं असतं की झालं.
पण बाबालाल शिकलगार म्हणाले,
"मॅडम, त्यो पत्ता आता लागत न्हाई.
माझी तीन पत्रं परत आल्यात."

आणि बिस्किटांचा डबा उघडला.

सर्वांत तळाला चौतीस सालचा कागद.
वर कारखान्याचं चित्र, तीन धुराडी, नावात दोन पुत्र.
त्याच्या आदल्या साली पंचगंगा अडतीत शिरली होती,
आठशे रवे रातोरात पाक झाले,
म्हणून थोरल्या मगदुमांनी गूळ माडीवर न्यायचं ठरवलं
आणि समुद्रापलीकडून हा पाळणा मागवला.

पुढच्या कागदावर पुत्र एकच.
मग सात-आठ वर्षं कागदच नाहीत.
तेव्हा तिथं तोफगोळे वर चढवायचे पाळणे बनत होते,
असं पुढं कधीतरी बंदरावरच्या एका फिटरनं सांगितलं,
इकडंतिकडं बघत.

मग पाकिटाचा रंग बदलला. नाव गेलं.
लोकांच्या मालकीचा कारखाना, पुढं नुसता आकडा.
गावही राहिलं नाही : कार्ल मार्क्सचं नगर.
"आमच्याकडं चौकाची नावं बदलत्यात," बाबालाल म्हणाले,
"त्यांनी आख्खं गावच बदललं."

पण सुटे भाग यायचे. रुपयांत. वेळेवर.
निर्यात खात्यात कोणी रोझविटा बाई होत्या,
त्यांनी एकदा बिलाच्या पाठीवर
पेन्सिलीनं स्वतःचं पाऊल काढून पाठवलं.
डावं. अंगठा जरा वाकडा.
बाबालालनी त्या मापाच्या चपला करून घेतल्या,
तेल पाजून पार्सल केल्या.
चार महिन्यांनी उत्तर :
फार वाजतात. मी येते आहे हे साऱ्या कचेरीला कळतं.
धन्यवाद. ब्रेकच्या पट्ट्या वेगळ्या पाठवल्या आहेत.

शेवटचं पत्र टाईप केलेलं, सही वाचता न येणारी.
कारखाना एका मार्काला विकला गेला.
ज्यानं घेतला त्याला दुसऱ्या मोठ्यानं घेतलं,
मोठ्याला जागा हवी होती, लिफ्ट नको होत्या.
गावाला त्याचं जुनं नाव परत मिळालं.
व्हेंडेलिनला नाही.

त्यानंतर जे मोडलं ते उद्यमनगरात घडलं.
दात्यांची चाकं, कप्पी, दाराची कडी,
साच्याची वाळू गरम असतानाच बाबालाल उकिडवे बसून बघणार.
दोर मिरजेहून. मोटर दोनदा भरलेली.
ओतताना ड्रम दोन सूत लहान निघाला,
तेव्हापासून पिंजरा फरशीच्या चार बोटं खाली थांबतो.
"पाटी तेवढी त्यांची," ते म्हणाले.
"आन् त्यो गुळाचा वास मगदुमांचा."

मी तपासणीसाठी वर गेले, खाली आले,
बाहेर पडताना ठेच लागली.
"पयल्यांदा हुतंच," त्यांनी कोपर धरलं.

मोडीत काढण्याच्या दाखल्यावर सही केली.
रकान्यात जागा दीड इंच.
एवढ्यात एक शिकलगार मावत नाही,
दोन पुत्र कुठून.
तो कोरा राहिला, आणि वरच्या कचेरीनं
त्याबद्दल मला अजून विचारलेलं नाही.

नवी लिफ्ट पौषात बसली. आरसा, पंखा,
मजल्याचा आकडा बोलून दाखवणारी बाई.
फरशीला अशी टेकते की मधून मुंगी जाणार नाही.
मी दाखला द्यायला गेले होते.
थोरल्या मगदुमांची नातसून उतरली,
हातात रव्याचा नमुना, फोनवर कुणाशी तरी भाव,
आणि उंबऱ्यावर तिनं पाऊल उचललं,
चार बोटं,
हवेत.